पंचशीलाच्या दुकानात अडलेली पत्रिका

मुरुडच्या बसस्टँडमागे पंचशीला ओव्हाळचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. निवृत्त झाल्यापासून माझी दुपार तिथंच जाते. लोकांना मी उन्हाळ्यात कुलरचं कारण सांगतो, पण खरं म्हणजे तिला गिऱ्हाइकांशी हुज्जत घालताना बघायला मला आवडतं.

हुज्जतीचं मूळ तिच्या कम्प्युटरात आहे. दुकानाच्या पहिल्याच वर्षी कोणीतरी भलतीच फाइल उघडली आणि फॉर्म भरायला आलेल्या पोरांची सगळी कागदपत्रं गेली. बिचारी घरोघर माफी मागत पुन्हा कागद गोळा करत फिरली. तेव्हापासून तिने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा सगळ्यात कडक करून ठेवली आहे. कुठलीही फाइल उतरवायची तर ब्राउझर आधी विचारतो, घ्यायची का, ठेवायची कुठं. संशय आला तर लाल पान दाखवून सरळ अडवतो. घाईतल्या माणसाचं डोकं फिरतं. माझंही फिरायचं, एक विजेचं बिल काढायला एवढी चौकशी कशाला?

मागच्या उन्हाळ्यात आप्पासाहेब आले. गावातले मोठे शेतकरी, शब्दाला वजन. उदगीरच्या साडूकडून मोबाईलवर निरोप आला होता: मुलीचं लग्न उद्यावर आलंय, पत्रिका लिंकवर बघा. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून छापून हवी होती.

पंचशीलाने लिंक उघडली. लाल पान आलं.

"आप्पा, ही पत्रिका न्हाई. पत्रिका असती तर फोटो आला असता. हे उघडलं की आपोआप चालू होणारं काहीतरी हाय."

"म्हंजे माझा साडू चोर हाय का?"

"त्यांच्या नावानं दुसऱ्याच कोणी पाठवलं असंल. फोन लावून विचारा."

आप्पासाहेब भडकले. "आवतन खरंच दिलं का, असं विचारू? लई इज्जत राहील माझी! ते लाल बंद कर, न्हाई तर आमच्या गल्लीतलं एक माणूस तुझ्या दुकानात येणार न्हाई."

सेटिंग बंद करायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं. मीसुद्धा म्हणालो, "कर की बाई, कशाला माणूस तोडतीस?" आज आठवलं की माझीच मला लाज वाटते. कॉलेजप्रवेशाचे फॉर्म दुसऱ्या दिवशी बंद होणार होते आणि पोरांचे सगळे दाखले त्याच कम्प्युटरात होते. माउसवरचा हात तिने काढून घेतला.

"मग मीच लावते फोन. तुमची इज्जत जाणार न्हाई, बगा."

तिने नंबर घेऊन स्पीकर लावला. "नमस्कार, मुरुडहून बोलते. आप्पासाहेब निघालेत. लग्नाला किती वाजता पोचायचं?"

"कसलं लग्न?" साडू रडकुंडीला आले होते. "पोरगी अजून अकरावीला हाय! सकाळपासून माझा मोबाईल येडा झालाय, सगळ्यांना आपोआप पत्रिका चाललीय. अहमदपूरचे पाव्हणे तर आहेर घेऊन दारात आलेत. आता त्यांचा स्वयंपाक चाललाय."

मला हसू आवरेना. आप्पासाहेबांनी आधी माझ्याकडे डोळे वटारले, मग तेही पोट धरून हसले. जाताना स्वतःचा मोबाईल त्यांनी टेबलावर ठेवला. "ह्याला बी ते लाल बसव."

दिवाळीनंतर त्यांच्या नातीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. पंचशीलाच्या वस्तीत आप्पासाहेबांच्या घरचं आवतन आजवर गड्याकरवी तोंडीच यायचं, आणि तिचे वडील रामकिशन ते उभ्याउभ्या ऐकून घ्यायचे. या वेळी आप्पासाहेब स्वतः दुकानाची पायरी चढले. पाकिटावर त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'रामकिशनराव ओव्हाळ व पंचशीलाबाई, सहकुटुंब'.

"लिंक न्हाई पाठवली," ते म्हणाले. "हातानं द्यायला आलो."

पंचशीलाने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"विचार की आता, घ्यायची का, ठेवायची कुठं," मी चिडवलं.

"हिच्यासाठी काय विचारायचं?" ती डोळे पुसत म्हणाली. "आधी बाबांना दाखवायची हाय."

आणि भर दुपारी, गिऱ्हाइकं आणि दुकान माझ्यावर टाकून, ती घराकडे निघाली.