पाकिटामागची बारीक अक्षरं

हिमायतनगरच्या किराणा दुकानात एक चष्मेवाले गृहस्थ मला नेहमी चिप्स-फरसाणाच्या फळीपाशी दिसत, पाकीट उलटं धरून बारीक अक्षरं वाचताना. गोचीड चावल्यापासून त्यांना अल्फा-गॅल नावाची, जनावरांच्या मांसा-दुधाची अ‍ॅलर्जी जडली होती. आधी मटण सुटलं, मग दूधही. एका बिस्किटानं त्यांना तीन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं.

"हरा निशान है साब, पूरा वेज है," दुकानदार म्हणायचा.

"वेज में दूध रहता मियाँ," असं म्हणून ते पाकीट नीट जागेवर ठेवत.

परवा त्यांनी मसाला चिप्सचं पाकीट माझ्याच हातात दिलं. "ताई, तुम्ही वाचा. खायची इतकी इच्छा होते, की माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही."

मी वाचू लागले. बटाटा, तेल, मीठ, मिरची. प्रत्येक शब्दाला ते मान हलवत होते. सगळ्यात शेवटी दुधाची भुकटी होती. मी तेही वाचलं.

"हौ," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला, पण जागचे हलले नाहीत. मग खालच्या आवाजात विचारलं, "पुन्हा एकदा वाचता का?"

मी पुन्हा बटाट्यापासून सुरुवात केली.