एकशे अठ्ठावीस दोरे

भिंगमामा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या कपड्याकडे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या काकांच्या उपरण्याचा पदर धरला, शर्टाच्या खिशातलं पितळी भिंग त्यावर टेकवलं आणि इंचात किती दोरे बसतात ते मोजून मोकळे झाले. काका बिचारे ओशाळून हसत उभे. मामा पदर सोडत म्हणाले, "फसवलं की तुमाला." अक्षता पडल्या तरी काकांचा चेहरा काही सरळ झाला नाही.

असा हा माणूस आमच्या कंपनीत कर्नेल बघायचा. कर्नेल म्हणजे संगणकाचा सगळ्यात आतला कारभारी. तो दिसत नाही, पण त्याच्यावाचून पान हलत नाही. आमची कंपनी म्हणाल तर भवानी पेठेत, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर, दोन खोल्यांत. कीबोर्डांवर कायम ज्वारीचा थर. चादरीवर नक्षी काढणाऱ्या जॅकार्ड मागांना लागणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आम्ही बनवायचो. मामा होटगीकडचे, घरची मेंढरं. आयटीआय करून गिरणीत वायरमन म्हणून लागले, गिरणी बंद पडल्यावर जुनी पुस्तकं आणून कर्नेल शिकले. इंग्रजी वाचायचे झकास, बोलायचे मात्र होटगीचंच. पुण्याहून आलेल्या एका टायवाल्या साहेबाला त्यांनी एकदा, "तुमचा ड्रायव्हर लई खातो, पन काम करत न्हाय," असं सांगितलं. बोलत होते ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. साहेब खाली उभ्या गाडीकडे बघायला गेला.

मी तिथे नवी लागले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून चहा सांडला. मी फडकं घेऊन अख्खं टेबल पुसायला लागले, तर मामा ओरडले, "ए पोरी, जेवढं सांडलंय तेवढंच पूस की! समदं टेबल कशाला वलं करतीस?" मला वाटलं, म्हातारा खडूस आहे. खडूस होताच. पण तेच वाक्य पुढे माझ्या कामाला आलं आणि तेच माझ्या अंगाशीही आलं.

काम असं होतं. प्रोसेसर जे लिहितो ते आधी स्वतःजवळच्या छोट्या साठ्यात ठेवतो. त्याला कॅशे म्हणतात. परीक्षेला पोरं तळहातावर लिहून नेतात ना, तसं. माग मात्र हात बघत नाही, वही बघतो. वही म्हणजे मुख्य मेमरी. त्यामुळे माग वाचायला येण्याआधी हातावरचं वहीत उतरवावं लागतं. आमच्या प्रोसेसरसाठी कर्नेलमध्ये जो जुना कोड होता, तो नक्षीची एक ओळ विणायची म्हटली की तळहात, मनगट, कोपर, सगळंच्या सगळं वहीत उतरवत बसायचा. तेवढ्यात माग थबकायचा. विणकराने पुन्हा चालू करायचा, घटकाभराने परत तेच. मामा म्हणाले, "माजा बा एक मेंढरू लंगडलं म्हनून सगळा कळप डाक्टरकडं नेत नव्हता. तू बघ जरा."

मी बघितलं. नक्षीची ओळ मेमरीत जिथे असेल तेवढेच तुकडे उतरवायचे, बाकीच्याला हात लावायचा नाही, असा कोड लिहिला. माग सरळ चालायला लागले. मामा तेव्हा लोकर कातरायची म्हणून चार दिवस गावी गेले होते. "मी आल्यावर बघतो, मग धाड," असं बजावून गेले होते. मला कुठला धीर! जगभरचे लोक मिळून हे कर्नेल सांभाळतात, त्यांच्याकडे मी तो बदल पाठवून दिला. दोन-चार प्रश्न आले, उत्तरं दिली आणि बदल मंजूर झाला. सोलापूरच्या गिरणीच्या डोक्यावरून थेट जगाच्या कर्नेलमध्ये माझं नाव! मालकांनी पेढे आणले. मामा परत आले, पेढा खाल्ला आणि विचारलं, "शेवटचा तुकडा बगितलास का?" मी म्हटलं, "हो." बघितला नव्हता.

आमचे बोर्ड बसवलेल्या एका कारखान्यात माझे वडील विणकर होते. नाव नरसय्या, पण आम्ही त्यांना नायना म्हणतो. घरात तेलुगू, दारात मराठी. नायनांचा हात इतका साफ की नवी नक्षी आली की पहिली चादर त्यांच्याच मागावर निघायची. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या चादरी खराब निघायला लागल्या. रोज नाही, मधूनच. उजव्या काठाशी चार बोटं जागा, आणि तिथे मोराच्या पिसाऱ्यात मागच्या आठवड्यातल्या हत्तीचा पाय! कारखान्याचे शेठ म्हणाले, नरसय्या म्हातारा झाला, डोळे गेले, दोरे चुकीचे ओवतो. एक तारखेपासून त्याला जॅकार्डवरून काढून कांड्या भरायला बसवा. ज्या माणसाने तीस वर्षं मोर विणले, त्याने आता कोपऱ्यात बसून कांड्यांवर सूत गुंडाळायचं. नायना घरी जेवताना ताटाकडे बघत म्हणायचे, "मला तर सगळं नीट दिसतंय, बिड्डा." बिड्डा म्हणजे लेकरू.

आणि मी काय केलं? मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वर रिक्षात बसून झाडलंही, "किती वेळा सांगितलं, मोतीबिंदू बघून घ्या म्हणून! ऐकतं कोण?" हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

महिना संपायला तीन दिवस होते. मामा दुसऱ्याच कामाला त्या कारखान्यात गेले आणि बाजूला टाकलेली खराब चादर त्यांच्या नजरेस पडली. झालं! भर शेडमध्ये, मागांच्या खडखडाटात, हा माणूस पांढरा शर्ट घालून फरशीवर पालथा झोपला आणि हत्तीच्या पायावर भिंग लावून दोरे मोजायला लागला. एक चादर झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग मला फोन. "हितं ये. आत्ता." मी पोचले तेव्हा शेठ, नायना, मुकादम, सगळे गोळा झाले होते आणि मामांच्या शर्टाच्या पोटावर तेलाचा नकाशा उमटला होता.

"तिन्ही चादरीत एकशे अट्ठावीस दोरं," मामा शेठना म्हणाले. "माणूस चुकला तर कवा चाळीस चुकतील, कवा सत्तेचाळीस. दर टायमाला एकशे अट्ठावीस? मेमरीच्या एका बाईटात आट दोरं बसत्यात. आटानं भागा. बरोब्बर सोळा. माणसाची चूक अशी आटाच्या पाढ्यात बसत न्हाय, शेठ. ही आमची चूक हाय."

ऐकता ऐकताच मला कळलं होतं. मेमरीतले तुकडे ठरलेल्या जागी सुरू होतात, आणि मी मोजत होते माझी ओळ सुरू होते तिथून. ओळ तुकड्याच्या मधूनच सुरू झाली की शेवटचं शेपूट हातावरच राहायचं, आणि माग वहीतलं जुनंच वाचायचा. माझ्या टेबलावरच्या बोर्डात ओळ नेमकी तुकड्याच्या तोंडाशी सुरू व्हायची, म्हणून मला कधी दिसलंच नाही. मी मामांकडे बघितलं. वाटलं, आता हेच सांगतील, सांभाळून घेतील. मामा म्हणाले, "माज्याकडं काय बगतीस? धाडताना मला इचारलं व्हतंस का? सांग तूच. त्यास्नी कळंल असं सांग."

मग मी सांगितलं. आधी शेठना मराठीत, मग नायनांना तेलुगूत. चूक माझी आहे, तुमच्या हाताची नाही. मुकादम मन लावून ऐकत होता. नायनांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?" शेठ खाली बघून म्हणाले, "नरसय्या, मागावर जावा." नायना गेले. मी बाहेर येऊन रडले आणि मामांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. ऑफिसात गुपचूप सांगता आलं नसतं? चार लोकांत माझी शोभा करायची काय गरज होती?

दुरुस्ती एका ओळीची होती. मोजणी तुकड्याच्या तोंडापासून सुरू करायची, बस्स. तीही जगाच्या कर्नेलकडे पाठवायची होती, कारण माझी चूक आता जगभर पोचली होती. त्या लोकांची एक रीत आहे. दुरुस्तीच्या खाली, चूक ज्याने दाखवून दिली त्याचं नाव लिहायचं. मामा माझ्या खुर्चीमागे भाकरी मोडत उभे होते. "तुज्या बाचं नाव घाल," म्हणाले. मी म्हटलं, "त्यांनी कुठे दाखवली? त्यांच्यावर तर आळ आला होता." "त्यांच्या चादरीनं दावली की! आळ जगाम्होरं आला, तर नाव बी जगाम्होरं येऊ दे." नायनांचा ईमेल नव्हता, तर मामांनी बसून काढून दिला. परदेशातून कुणीतरी विचारलं, ही चूक कोणत्या साधनाने शोधली? मामांनी मला उत्तर लिहायला लावलं: एक भिंग आणि एक चादर. पुढे कुणी काही विचारलं नाही.

"मग तुमचंही नाव घालू का?" मी विचारलं होतं. "मी काय केलं? दोरं मोजली. मोजतो तर भाजीवाला बी." मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खरं सांगायचं तर शेडमधला राग अजून गेला नव्हता. नाही म्हणतायत ना, मग राहू दे, असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं. बटण दाबून मी मोकळी झाले.

त्या दोन नोंदींच्या जोरावर मला बंगळुरात नोकरी लागली. मामा गेल्या उन्हाळ्यात वारले. मी होटगीला जाऊन आले आणि तिथून घरी. ती दुरुस्तीची नोंद नायना येईल त्या पाहुण्याला माझ्याकडून वाचून दाखवून घेतात. त्या दिवशी घरात पाहुणा कुणी नव्हता, तरी म्हणाले, "उघड ते." मी उघडलं आणि वाचलं. लिहिणारी, माझं नाव. चूक दाखवणारा, नरसय्या.

नायनांनी विचारलं, "आणि मामांचं?"

"नाही, नायना."

"मग घाल की आता."

"आता घालता येत नाही. एकदा आत गेलेली नोंद कुणी बदलत नाही."

त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. मग म्हणाले, "तुझ्या हातात होतं तेव्हा, बिड्डा?"

"होतं," मी म्हटलं.