शेवटचे चाळीस किलोमीटर

माझी मुलगी व्हिएतनामच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत निघाली होती. रस्ता चांगला असेल तिथं स्केटबोर्डवर, नसेल तिथं कुणाच्या तरी गाडीला हात करून. तिकीट काढून कुठंच बसायचं नाही, हा एकच नियम तिनं स्वतःला घालून घेतला होता. वय सत्तावीस. पुण्यातली नोकरी सोडून गेली होती. मी जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासतो, बायको शाळेत शिकवते. आमच्या दोघांच्याही घराण्यात तोवर कुणी पासपोर्ट काढला नव्हता.

निघायच्या आधी तिनं मला विचारलं होतं. मी "बघ बाई, तुझं तू" एवढंच म्हणालो. मनात नको होतं, पण तोंडातून ते निघालं नाही. बायकोनं मात्र एक गोष्ट घट्ट धरून ठेवली. तो बुद्धाचा देश आहे, गावोगाव विहार आहेत, पोरगी उघड्यावर पडणार नाही.

दोन महिने सगळं बरोबर चाललं. ती कुठं आहे ते मला दिसावं अशी सोय तिनं माझ्या फोनमध्ये करून दिली होती. नकाशावर एक निळा ठिपका. डबा खाताना मी तो बघायचो. सोबतचे विचारायचे, "आज कुठवर आली ताई?" मी जमेल तसं गावाचं नाव वाचून दाखवायचो.

शेवटच्या सोमवारी तिचा फोन आला. खाली आता सगळे कालवे आणि नद्याच आहेत, म्हणाली.

"अजून दोन दिवस, पप्पा. मंग संपलं."

"पाय कसे आहेत?"

"दुखून राह्यलेत. पण होईल."

आनंद असायला पाहिजे होता तिच्या आवाजात. मला तो ऐकू आला नाही.

मंगळवारी सकाळी ठिपका एका कालव्याच्या काठाला थांबला. संध्याकाळी तिथंच. फोन बंद. बायको म्हणाली, चार्जिंग संपलं असेल. मीही तेच म्हणालो. बुधवारी सकाळी ठिपकाच दिसेना.

मी दूतावासाचा नंबर शोधून फोन लावला. मेल करा, पासपोर्टची प्रत जोडा, असं सांगितलं. प्रत तिच्या कपाटात सापडली, शाळेच्या प्रमाणपत्रांच्या खाली. मेल लिहायला मला दीड तास लागला. प्रवासाचं साधन काय, ते कसं लिहावं कळेना. शेवटी स्केटबोर्ड असं लिहिलं आणि पुन्हा वाचलं तेव्हा मलाच ते खोटं वाटलं.

मग पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"गाडी कोणती होती?"

"गाडी न्हाई साहेब. चाकाची फळी असते, तिच्यावर उभं राहून जातात."

"एकटीच?"

"हो."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, आमची हद्द तुम्हाला माहीत आहे. तिथं आम्ही काय करणार?" तो वाईट बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात नुसती उभी होती. गॅस बंद, कुकर रिकामा.

"तुम्ही नको म्हणले असते तर ती थांबली असती," ती म्हणाली. "माझं न्हाई ऐकत ती. तुमचं ऐकती."

ते खरं होतं.

गुरुवारी दुपारी माझ्या फोनवर अनोळखी परदेशी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. मी त्या दिवशी कामावर गेलो नव्हतो, बायकोही शाळेत गेली नव्हती. उचलला तर समोर मुंडन केलेल्या एक वयस्कर भिक्खुणी. त्या हळूहळू काहीतरी सांगत होत्या. आम्हाला एक अक्षरही कळत नव्हतं. बायकोनं हात जोडले, त्यांनीही जोडले. मग त्यांनी फोन फिरवला. मुलगी चटईवर पडली होती. गाल खरचटलेला, डावा हात गळ्यात बांधलेला.

पुलाच्या उतारावर वाळू होती, तिथं ती घसरली होती. खांद्याजवळचं हाड मोडलं, फोन कालव्यात गेला. मोटरसायकलवरच्या एका बाईनं तिला आधी दवाखान्यात, मग या विहारात आणलं.

"नंबर तुमचाच पाठ आहे, पप्पा. दुसरा कुणाचा न्हाई."

"मंग कालच का न्हाई केला?" बायको म्हणाली.

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. "पप्पा ये म्हणले असते. मंग मला यावंच लागलं असतं. चाळीस किलोमीटर राह्यलेत मम्मी."

माझ्या तोंडावर आलंच होतं. ये. आत्ताच्या आत्ता ये. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

"फळीवर न्हाई जायचं. कुणाच्या गाडीत बसून जा. पण जाऊन ये."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. फोन ठेवल्यावर बायको भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मी पाणी आणलं. दुसरं काय करावं कळलं नाही.

शनिवारी भाताच्या पोत्यांचा एक ट्रक दक्षिण टोकाकडं जाणार होता. त्याच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, भिक्खुणी आणि ती. दुपारी भिक्खुणींच्या फोनवरून टोकावरचा फोटो आला. मागं चिखलाच्या रंगाचं पाणी, पुढं ती. हसत नव्हती.

आठवड्यानं ती घरी आली. जालन्याच्या स्टेशनावर उतरली तेव्हा बॅग मी घेतली, फळी तिनं दिली नाही. नंतरचे दिवस ती झोपूनच असायची. आई तिची वेणी घालून द्यायची. शेजारचे विचारायचे, काय मिळालं एवढं जाऊन? ती "काय न्हाई काकू" म्हणायची, आणि मला वाटायचं ती खरंच सांगते आहे.

एका दुपारी खोलीतून रडण्याचा आवाज आला. मी दाराशी थोडा वेळ उभा राहिलो, मग आत गेलो.

"तिथं पोचले, तर काहीच वाटलं न्हाई, पप्पा," ती म्हणाली. "घरी यावं वाटलं फक्त. आता पुढं काय करू?"

"मला ठाऊक न्हाई, बाळा."

तिनं पाय आखडून घेतले आणि मला बसायला जागा केली.