सिमेंटच्या स्टेजवरचा बास

स्टेज सिमेंटचं आहे हे आम्हाला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पोचल्यावर कळलं. एका नव्या कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता, भर दुपारी. माल ट्रकमध्ये चढवायचा जो ओटा असतो, त्यालाच मागे पडदा लावून त्यांनी स्टेज केलं होतं. वर पत्र्याची शेड. कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर आम्हाला ते कौतुकाने दाखवत होते. म्हणाले, "एकदम पक्कं काम आहे. हत्ती नाचवा."

आमच्या मास्तरांनी ओट्यावर चढून बुटाची टाच आपटून पाहिली, मग परत एकदा आपटली.

मास्तर म्हणजे गांगुर्डे मास्तर. ऑर्केस्ट्रा त्यांचा. कामाच्या दिवशी ते सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रांच्या खात्यात असायचे, उरलेल्या वेळात अकॉर्डियन वाजवायचे आणि आम्हा सगळ्यांना चालवायचे. मी त्यांच्याकडे बास गिटारवर होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला नाशिकमध्ये बाई बास वाजवते याचं लोकांना नवल होतं, म्हणून पोस्टरवर माझं नाव ठळक छापायचे. त्यात माझा काही पराक्रम नव्हता. आधीचा बासवाला आखातात नोकरीला गेला आणि मला हवाईयन गिटार येत होती, एवढंच.

गाणं ऐकताना तुमचं लक्ष गायकाकडे असतं. त्याच्या खाली, ड्रमच्या जोडीने जो जाड, घुमता सूर चालतो तो बास. त्याबद्दल माझी मतं तेव्हाही ठाम होती. तार तुटेपर्यंत बदलायची नाही. नवी तार खणखणते, जुनी गोल वाजते. नखीने वाजवायचं नाही, बोटांनी वाजवायचं. तारा जिथे अडकवतात तिथे खाली फोमचा तुकडा दाबायचा, म्हणजे सूर लोंबकळत नाही. अ‍ॅम्प्लिफायरवरची ट्रेबलची, म्हणजे बारीक आवाजाची, खुंटी शून्यावर. स्पीकरचं कॅबिनेट मी भद्रकालीतल्या एका सुताराकडून करून घेतलं होतं. कपाटासारखं दिसायचं आणि उचलायला दोन माणसं लागायची. इंपोर्टेड सामान आम्हाला परवडत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांचा आवाज ऐकून मला कधी हेवाही वाटला नाही.

हे कॅबिनेट कुठे ठेवायचं यावरून दर कार्यक्रमाला भांडण व्हायचं. आमचं नेहमीचं स्टेज मांडववाल्याच्या फळ्यांचं. फळ्यांवर स्पीकर ठेवला की फळ्याही घुमतात. म्हणून आमचा साउंडवाला अन्वर त्याखाली विटा आणि गोणपाट घालायचा. मास्तर ते काढायला लावायचे. कॅबिनेट थेट फळीवर, आणि तेही त्यांच्या खुर्चीला चिकटून. अन्वर माझ्याकडे येऊन कुरकुरायचा, "ताई, समजवा ना त्यांना. नुसतं बूम होतंय." मी समजावलं नाही. मालकाची एक खोड असते, ती सांभाळायची, असं माझं धोरण होतं.

अंबडला ओटा अरुंद होता. मागे ऑफिसर लोकांच्या खुर्च्या आणि बक्षिसांचं टेबल. कॅबिनेटला जागाच नव्हती, म्हणून अन्वरने ते खाली, बाजूला ठेवलं. तो खूश होता. पहिल्यांदाच बूम होणार नव्हतं.

पहिला नंबर नुसत्या वाद्यांचा. मास्तरांनीच सुरू केला, बरा गेला. दुसरं गाणं सुरेशचं. सुरेश आमचा मुख्य गायक, आवाज चांगला, स्वभाव घाईचा. त्या गाण्यात अंतरा संपला की सगळे थांबायचे. मास्तरांचा हात वर जायचा, आणि हात खाली आला की सगळ्यांनी मिळून मुखडा उचलायचा. सुरेशचा शेवटचा शब्द अजून तोंडात होता आणि मास्तरांचा हात खाली आला. निम्मे वाजले, निम्मे थांबले. पुढच्या गाण्यात हात उशिरा आला. त्यानंतर अकॉर्डियनच ठेका सोडून चालायला लागलं. समोर कामगार आणि त्यांची बायकापोरं. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

सुरेशने माइक हाताने झाकला आणि म्हणाला, "मास्तर, घरून जेवून आला नाहीत का?" मास्तर त्याच्याकडे बघून हसले. सुरेश चिडला. मला ते हसू विचित्र वाटलं, कारण मास्तर असं ऐकून घेणारे नव्हते.

मध्यंतराला बक्षीसवाटप होतं. मास्तर पडद्यामागे पाठमोरे उभे होते. मी मागून विचारलं, कॅबिनेट वर घेऊ का? उत्तर नाही. मी परत विचारलं. उत्तर नाही. मग मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "मास्तर, चहा?"

"नको," ते म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं की मी ओळखलंय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"प्रेस शॉपमध्ये सगळ्यांचं होतं," ते म्हणाले. "आधी पक्ष्यांचे आवाज जातात. मग बायकोचा. काहीजण म्हणतात सुख आहे."

मी हसले नाही. ते सांगत गेले. बारीक, टोकदार आवाज गेले होते. झांज, बासरी, गाण्याचे शब्द, सगळं पुसट. जाड आवाज मात्र अजून पोचत होते. माझा बास त्यांना नीट यायचा, आणि फळीवर कॅबिनेट असलं की खुर्चीतून, पायातूनही यायचा. गाणी त्यांची पाठ होती. बासचं बोट धरून ते बाकीचा ऑर्केस्ट्रा अंदाजाने चालवत होते. माझ्या गोल, बोथट आवाजाचं ते नेहमी कौतुक करायचे, ते का, हे मला तेव्हा समजलं. आता सिमेंटमधून काही येत नव्हतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये सगळा गोंगाट झाला होता.

"सुरेशला कळलं तर संपलं, शैला," ते म्हणाले. "गणपतीची बुकिंगं तोच आणतो. बहिऱ्याच्या मागे कोण उभं राहील?"

खरं होतं. कीव करायला वेळ नव्हता, मध्यंतर छोटं होतं. मी पॅकिंग खात्याकडे गेले. मशिनं ज्यांच्यावर ठेवून ट्रकमध्ये चढवतात त्या फळ्यांच्या मोठ्या चौकटी तिथे रचून ठेवल्या होत्या. त्यांना पॅलेट म्हणतात. त्यातल्या दोन मी मागितल्या. वेल्फेअर ऑफिसर आडवे आले. एमडी साहेब बसलेत, त्यांच्यासमोर स्टेजवर ही लाकडं कशी दिसतील, म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, सिमेंट ओलसर आहे. माइकला शॉक येतोय. पुढचं भाषण एमडी साहेबांचं आहे ना?"

पॅलेट लगेच आली. दोन्ही एकमेकांना खेटून टाकली, त्यांच्यावर मास्तरांची खुर्ची आणि शेजारी माझं कॅबिनेट. बक्षिसांचं टेबल मागे सरकलं. अन्वरने कपाळाला हात लावला.

उत्तरार्धात मी माझी सगळी कलाकुसर बंद केली. प्रत्येक ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर एक जाड सूर, आणि अंतरा संपताना एक उतरती जागा, दरवेळी तीच. बास वाजवणाऱ्याला हे कंटाळवाणं असतं. पण मास्तरांचा हात बरोबर वेळेवर खाली यायला लागला. शिट्ट्या थांबल्या, टाळ्या आल्या. सुरेशने मधेच वळून मला सांगितलं, "ताई, तुमचा आवाज फार होतोय." मी मान हलवली आणि आवाज तेवढाच ठेवला.

कार्यक्रम संपला. मास्तर पॅलेटवरून उतरून अकॉर्डियन पेटीत ठेवत होते. तेवढ्यात ऑफिसरांनी मागून माइकवर जाहीर केलं की एमडी साहेबांच्या हस्ते गांगुर्डे मास्तरांचा सत्कार होईल. शाल आली. एमडी उभे राहिले. मास्तरांची पाठ. ऑफिसरांनी परत नाव घेतलं. पुढच्या रांगेत हसायला सुरुवात झाली. माझी गिटार अजून गळ्यात होती. मी सगळ्यात जाड तार जोरात छेडली.

मास्तर झटकन वळले. माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनी खूण केली, ते शाल घ्यायला गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुरेश टाळ्या वाजवत नव्हता. तो आधी मास्तरांकडे बघत होता, मग माझ्या तारेकडे.

परतीच्या गाडीत तो मुद्दाम मास्तरांच्या मागच्या सीटवर बसला. गाडी सुटायच्या आधीच त्याने नेहमीच्या आवाजात हाक मारली, "मास्तर." थोडं थांबून म्हणाला, "मास्तर, पुढच्या वर्षी तुमच्याऐवजी एखादा खांब उभा करू का?" मास्तर खिडकीतून बाहेर बघत राहिले. शाल त्यांच्या मांडीवर घडी करून ठेवलेली होती. सुरेशने माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्हाला माहीत होतं."

"आजच कळलं," मी म्हटलं. "तुझं काही अडलं का उत्तरार्धात?"

"आज नाही अडलं," तो म्हणाला.

त्याने कोणाला काय सांगितलं मला माहीत नाही. पण गणपतीच्या आधी मंडळांचे लोक मास्तरांशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागले. ते लहान मुलाशी बोलल्यासारखं असायचं. मास्तरांना तेवढं नीट ऐकू यायचं. त्यांनी ती बुकिंगं पुरी केली आणि ऑर्केस्ट्रा बंद केला. प्रेस शॉप सोडलं नाही. पगार तिथून येत होता, आणि रिटायर व्हायला बरीच वर्षं होती. कान गेले ते तिथेच, आणि राहिलेले घेऊन ते रोज पहिल्या पाळीला तिथेच जात राहिले.

सुरेशने स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला, त्यावर डाव्या हाताने बास वाजतो. त्याने मलाही बोलावलं, कोरसमध्ये उभं राहायला. मी मालेगावच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत गेले. तिथे अजून बासवाल्याला खुर्ची होती.

अलीकडे नवीन मुलं विचारतात, कोणत्या तारा घ्याव्यात, कोणता अ‍ॅम्प चांगला, टोन कसा लावावा. मी सांगते, सामान लावायच्या आधी स्टेजवर एक चक्कर मारा आणि तुमच्या आवाजाच्या आधारावर कोण उभं आहे ते बघून ठेवा. मुलांना वाटतं मी प्रश्न टाळला. मग मी त्यांना तारांचा नंबर सांगते.