रिकामी देवळी

माझा नंबर आला आणि सहलप्रमुख मॅडमनी माझ्या हातात चहाचा ट्रे दिला.

"तू राहू दे गं. तुमचं तर सगळं नवंच. परंपरा म्हणून काय सांगशील?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांना ते पटलं होतं.

नागपूरच्या आमच्या युवक मंडळाची अभ्याससहल अलिबागकडे गेली होती. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, आणि त्यांच्या शेजारचे कोळी, आगरी, मुसलमान कसे राहतात ते बघायला. शेवटच्या संध्याकाळी एका ज्यू आजींच्या अंगणात बसून प्रत्येकाने आपल्या घरातली एक जुनी रीत सांगायची होती. माझी मी गाडीतच घोकून ठेवली होती.

आजींनी आधी त्यांची सांगितली. पूर्वजांचं गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या. प्रार्थना विसरल्या, एक तेवढी राहिली. आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायची रीत टिकली, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मॅडमचे डोळे भरून आले. दुपारी सिनेगॉगमध्ये त्या म्हणाल्या होत्या, मूर्तीच नाही, किती उदात्त.

मला आजींचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, जळले मी. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मलिद्याचे, म्हणजे त्यांच्या प्रसादाचे गोड पोहे त्यांनी मला दोनदा वाढले होते. पण त्यांचं हरवलं तो वारसा, आणि आम्ही जाणूनबुजून सोडलं तर आम्ही कोरे? माझ्या शेजारी बसलेला मुलगा त्याच्या कुलदेवीच्या नवसाचं दळण कधीचा दळत होता. त्याचाही हेवा वाटला. त्याला कोणी थांबवत नव्हतं.

दोन कप दिले. तिसऱ्यासाठी त्या मुलाने माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. मी ट्रे जमिनीवर ठेवला.

"मले सांगाचं हाये." सहलभर गिळलेली घरची बोली आपोआप बाहेर आली. "छप्पन साली माहा आजा बौद्ध झाला. उमरेडच्या घरातले देव त्यानं टोपल्यात भरून नदीत सोडले. भिंतीतली देवळी रिकामी झाली. दर दसऱ्याले आम्ही तिले चुना मारतो, अन् तिच्यात काहीच ठेवत नाही. माही आजी म्हणे, इथं आता कोणी बसणार नाही, अन् आपल्याले कोणी उठवणार नाही."

मॅडम म्हणाल्या, यजमानांच्या दारात वाद नको. मी वाद घातलाच नव्हता.

सहलीचा अहवाल आला. त्यात एकोणीस रिती छापल्या आहेत. आम्ही गेलो होतो वीस जण.

पुढच्या रविवारी त्याचं प्रकाशन आहे. मला बोलावणं नाही. मी नंदनवन वस्तीतल्या घरून पायी जाणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि कोणी विचारो न विचारो, उभी राहून विसावी रीत सांगणार. माझ्याच बोलीत.