स्लॅबवरचे जर्मन

आमचे दाजी मेलेल्या माणसांची जेवढी सरबराई करतात, तेवढी उभ्या सांगली जिल्ह्यात जिवंत पाहुण्यांचीही कोणी करत नसेल; आणि ही मेलेली माणसं बहुतेक सगळी जर्मन! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पलूसजवळ चार एकर ऊस, फौजेच्या इस्पितळात नर्सिंगची नोकरी. पेन्शन घेऊन पारावर बसायचं सोडून हा गृहस्थ जर्मन भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हातारी माणसं सांभाळायला गेला. सहा वर्षांनी परतला तो तिकडच्या सगळ्या सवयी घेऊन. स्वतःच्या घरात बेल वाजवल्याशिवाय शिरत नाहीत, धार काढण्याआधी म्हशीला ‘गुटन मॉर्गन’ म्हणतात आणि दिसेल त्याची नाडी बघतात. "पावणं, तुमचं बीपी वाढलंय," मला म्हणतात. ते खरंच वाढतं, पण दाजी आल्यावर.

सर्वपित्री अमावास्येला मात्र माझं हसू पळतं. भर दुपारी दाजी स्लॅबवर सतरा पानं मांडतात. दोन आईवडिलांची, पंधरा जर्मनांची. दाजींच्या समोर ज्यांनी डोळे मिटले आणि ज्यांच्या मातीला पोरंबाळं फिरकली नाहीत, त्यांची. नावं नाहीत, नुसते खोल्यांचे नंबर. "गवार न्हाई चालत त्यास्नी, उकडल्याला बटाटा ठेव," असं ते अक्काला बजावतात. अक्का करवादते, "आवं, मेल्यावर तरी वडं खाऊ द्या की त्यास्नी!"

पहिल्या वर्षी मी गंमत बघायला वर गेलो. टाकीवर, तारेवर कावळे ओळीनं बसलेले, पण एकही ओरडत नव्हता. दाजींनी नंबर पुकारला की एकच कावळा उतरायचा, थेट त्याच पानावर. "सात नंबरच्या आज्जीला साखर हुती, पर लय चोरून खायची," दाजी म्हणाले, आणि त्या कावळ्यानं इकडंतिकडं बघत आधी खिरीत चोच घातली. मग बारा नंबर पुकारला. टाकीच्या कडेला आमच्याकडं पाठ करून बसलेल्या कावळ्यानं मान तेवढी वळवली, पानाकडं बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

दाजींचा चेहरा उतरला. "जित्तेपनी बी असाच. चमचा फुडं केला की व्हट आवळायचा. म्हनायचा, तुमी परकी आला, आमची पोरं गेली, तुमी बी परत जावा. आता पावणं, पोरं आदीच गाव सोडून गेली हुती, म्हनून तर आमाला बोलावलं! आमी नसतो तर त्याचं अंथरून कोन बदलनार हुतं? पर त्याचं बी खोटं न्हवतं. मरताना आपल्याच गावात सगळी अनोळखी तोंडं." मग हळूच म्हणाले, "एवढ्यांना भरवलं, ह्यो एकटाच माझ्या हातनं उपाशी गेला." हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

कावळा शिवला नाही की मागं राहिलेली इच्छा पुरी करू असं सांगायची आपल्याकडची रीत. दाजी दरवर्षी मराठीत आणि जर्मनमध्ये सांगून थकले. पोरगा खुशाल आहे, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलंय, काय वाट्टेल ते. कावळा ढिम्म!

यंदा गुडघ्यांमुळं त्यांना जिना चढवेना, म्हणून मी हाताला धरून वर नेलं. बाकीची पानं उरकली. दाजी बारा नंबरच्या पानासमोर मांडी घालून बसले आणि आपल्या साध्या बोलीत म्हणाले, "तुमी म्हनला तसा मी आलो की वं परत. आता हितं तुमी पावणं. आमच्या दारात आल्याला कुनी जा म्हनत न्हाई. जेवा." बटाट्याची फोड तळहातावर घेऊन त्यांनी हात पुढं केला. तो कावळा उडाला नाही, पायी पायी चालत आला. बराच वेळ दाजींच्या तोंडाकडं बघत राहिला, मग त्यानं हातावरची फोड उचलली.

"दाजी, खाल्लं की!" मी ओरडलोच.

"खाल्लं," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "तवा तिथं ‘आमच्या दारात’ म्हनायला मला घर न्हवतं वं."

खालून अक्का जेवायला हाका मारत होती. कावळे केव्हाच उडून गेले, तरी आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.