भागरताची शुगर आन आमची रोवन्याची टोळी

आमच्या रोवन्याच्या टोळीत किस्से शोधा लागत नाही. दिवसभर बांधीत वाकून धानाचे पऱ्हे लावाचे. कंबर वाकली राहते, पन तोंड तं मोकळंच राहते ना. एकीनं एक सांगतला का दुसरीले दोन आठवते. त्यात यंदा रोवना सरला आन गावात तपासनीचा कॅम्प आला. आता पुढच्या साली बांध्या सरन, पन किस्से नाही सरनार.

*

कॅम्प शाळेत होता. सिस्टरनं आदल्या दिवशी घरोघरी सांगतलं होतं, रक्त द्याचं हाये, सकाळी काही खाऊ नका, चहा बी नाही. आम्ही साऱ्या उपाशीच जाऊन लाइनीत बसलो.

बीपी मोजला तं आमच्या टोळीतल्या साऱ्या बायांचा वर. डॉक्टर नवा होता. बिचाऱ्यानं मशीन बदलवली, पट्टा बदलवला, तरी वरच. मंग त्याले टोळीतल्या इंद्रकलाचं बोट तिच्या तोंडात दिसलं.

"मावशी, काय खाऊन राहिल्या?"

"खाऊन नाही राहिली साहेब. गुडाखू घासून राहिली."

गुडाखू म्हंजे तंबाखू आन गुळाचा लगदा. आमच्याकडच्या बाया त्यानंच दात घासते.

"सकाळपासून घासूनच राहिल्या?"

"लाइनीत बसून दुसरं काय कराचं मंग?"

डॉक्टरनं कपाळाले हात लावला. म्हने, तंबाखूनं बीपी चढते. साऱ्या जनी तोंड धुवा, अर्धा घंटा चुप बसा, मंग मोजतो. "आन मावशी, दात एवढे घासाचे नसते."

इंद्रकलानं तोंड उघडून दाखवलं. अंदर एक बी दात नाही.

*

रिपोर्ट आले. मी चवथीपर्यंत शाळेत गेली होती, म्हनून साऱ्या कागद घेऊन माह्याच दारात. जो आकडा बिघडला, त्याच्या बाजूले चांदनी छापली होती. इंद्रकलाच्या कागदावर तं आभाळ भरलं होतं.

"हे काय वो?" तिनं विचारलं.

माह्या जिभेले खाज सुटली. मी म्हनली, "नंबर आला तुहा. गावात पयला."

तिनं सुनेले दाखवलं, शेजारनीले दाखवलं, आन दुसऱ्या दिवशी सिस्टरले जाऊन विचारलं, इनाम कवा भेटते. सिस्टरनं तिले खाली बसवून सांगतलं, "आजी, चांदनी म्हंजे इनाम नाही, आन मरन बी नाही. हा आकडा डॉक्टरनं पाहाले पायजे, एवढंच. तुमचं रक्त कमी हाये. गोळ्या देतो, चहासंग नका घेऊ."

इंद्रकला मले आठवडाभर बोलली नाही. मंग एक दिवस परसाकडून आली ते धावतच. म्हने, "बाई वो, सारं काळं होऊन राहिलं. मी अंदरून जळली का?"

या बारीले मी खरं सांगतलं, का तो गोळीचा रंग हाये, भेऊ नको.

तिले पटलंच नाही. गेली सिस्टरकडं.

*

पन एक कागद पाहून मले मस्करी नाही सुचली. माही जाऊ भागरता. चांदनी एकच, पन शुगरच्या बाजूले. तिच्या मायचा पाय शुगरनंच गेला होता, गुडघ्यापासून कापला. ते लहान होती तवा, तिनंच मायले न्हाऊ-माखू घातलं होतं.

सिस्टर म्हने, एका डावानं काही ठरत नाही, देवरीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन तीन महिन्याची शुगर पाहून घ्या.

भागरता म्हने, "मी नाही जात. एकडाव सांगतलं तं भेव वाटते. दोनदा सांगतलं का पक्कंच होते."

तिनं भात सोडला. बोलनं बी सोडलं. आन एक दिवस आपलं नवं हिरवं लुगडं मले आनून देलं. "तुमी नेसा बाई. मले आता कायले पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ते नेसून तिच्या दारात उभी. "कशी दिसून राहिली वो? आन पाटल्या कवा देतस?"

भागरता हासली. हासता हासता रडाले लागली. मी बी तिच्याजवळ बसली.

*

तिचा नवरा उदाराम, म्हंजे माहा देर, मोठा मुका मानूस. बैलासंग बोलन तेवढंच. तो एकटाच सिस्टरकडं गेला आन दरवाज्यापाशी उभा राहिला.

"सिस्टर, माही शुगर चांगली हाये ना?"

"हो, तुमची एकदम बराबर हाये."

"मंग देवरीले तिच्या नावानं माहं रक्त पाठवा."

सिस्टर म्हने, "अवो काका, मंग तिले गोळ्या कशा भेटन?"

उदारामनं विचार केला. "गोळ्या बी मीच खाईन."

सिस्टरनं हे मले सांगतलं. माह्या पोटात काही राहते का? मी भागरताले सांगतलं. तिनं चुलीतलं लाकूड मांगं ओढलं. मंग उठली, पिशवी घेतली. म्हने, "चला बाई देवरीले. या बुढ्याचा भरोसा नाही. तो खरंच खाऊन घेईन गोळ्या."

*

देवरीच्या डॉक्टरीन बाईनं रक्त घेतलं आन विचारलं, जेवन काय करता.

भागरता ऐटीत म्हने, "भात तं म्या कवाचाच सोडला."

"मंग सकाळी काय खाता?"

"पोहे."

"दुपारी?"

"तांदळाची भाकर."

"आन मधात भूक लागली तं?"

"मुरमुरे. पन भाताले हात नाही लावला मॅडम, बाईले विचारा."

मॅडमनं मले विचारलं. मी म्हनली, "खरं हाये. भाताले हात नाही लावला."

दुसऱ्या खेपेले रिपोर्ट भेटला. शुगर निघालीच. भागरतानं माहा हात दाबून धरला. मी मॅडमले तिच्या मायच्या पायाचं सांगतलं. मॅडमनं खुर्ची जवळ ओढली आन निवांत सांगतलं. तुमच्या मायची जखम कोनी पाहिली नाही, म्हनून पाय गेला. तुमचं वेळेवर समजलं. गोळी घ्या, भात सोडू नका, अर्धा करा, भाजी वाढवा. पोहे-मुरमुरे बी तांदूळच हाये. गुडाखू सोडा. आन रोज संध्याकाळी आपले पाय पाहाचे, कुठी काटा, चिरा, फोड तं नाही. या खेपेले उदाराम बी संग आला होता, दरवाज्याजवळ उभा राहून ऐकत होता.

*

परवा संध्याकाळी मी त्यायच्या अंगनात गेली. भागरता ओट्यावर बसली होती, आन तिचे दोनी पाय उदारामच्या मांडीवर. तो एक एक बोट हलकं हलकं उघडून पाहून राहिला होता. आमच्याकडं सासूसमोर नवऱ्याचं नाव घेत नाही, आन हे तं भर अंगनात. भागरता पदरानं तोंड झाकून बसली, पन पाय काही तिनं काढले नाही.

मी म्हनली, "काय गा उदाराम? मॅडमनं तिचे पाय तिले पाहाले सांगतले होते, तुले नाही."

त्यानं मान वर नाही केली. म्हने, "तिले बारीक दिसत नाही, वैनी."

साऱ्या मोहल्ल्याच्या सुया अजून भागरताच ओवून देते. तिनं दुसरा पाय त्याच्या हातात देला.